चढली त्याच गिअरमध्ये

पेठच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी मला लागली, त्या दिवशी घरात पेढे आले आणि त्याच संध्याकाळी भांडणही झालं. नाशिकहून पेठला जायचं म्हणजे मध्ये सावळघाट. एसटीनं गेलं की पहिला तास हमखास बुडणार. तिकडेच खोली घेऊन एकटीनं राहायचं तर आईच्या डोळ्याला डोळा लागणार नाही. राहिली एक स्वतःची गाडी. काकानं ओळखीतून एक जुनी, पांढरी, छोटी गाडी बघूनही ठेवली होती.

पप्पा म्हणाले, "दुसरी नोकरी मिळेल. या घरातलं कुणीही घाटात गाडी नेणार नाही."

'कुणीही' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. काकाकडे बघत होते. काका समोरच्या खुर्चीत बसून पेढ्यावरचा कागद बोटाला गुंडाळत होता. आई म्हणाली, "अहो, पोरीनं एवढं शिकायचं आणि बसायचं का घरात?" बरीच बोलाचाली झाली. शेवटी पप्पांनी अट घातली. मी काकाकडून गाडी शिकायची. काका 'जमलं' म्हणेल तेव्हा पप्पा माझ्या शेजारी बसून सावळघाट उतरणार. त्यांना पटलं तर नोकरी राहील आणि गाडीही राहील. नाही पटलं तर दोन्ही सोडायचं, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

मी मान हलवली. मला वाद घालता येत नाही, कधीच आलं नाही. पण ती नोकरी मला फार हवी होती, आणि खरं सांगायचं तर तो घाटही हवा होता. त्याला कारण काकाच.

आमचं घर मखमलाबादकडे, शेतातच. पप्पा शहरात सरकारी कचेरीत क्लार्क होते. शेती काका बघायचा. कोबी, टोमॅटो, वांगी आणि सणांच्या आधी झेंडू. पप्पांनी हट्टानं मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे वाडीतल्या मुलांमध्ये मी परकी आणि शाळेतल्या मुलींमध्ये शेतकऱ्याची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर होत नसे. पाहुणे आले की मी मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायची.

काकाच्या जीपमध्ये मात्र बोलावंच लागत नसे. नव्वदच्या दशकातली ती जीप, तिला दारं नव्हती, नुसत्या साखळ्या होत्या. मागं भाजीच्या जाळ्या, पुढं काका आणि मी. शाळेला सुट्टी असली की तो अंगणातूनच ओरडायचा, "काय मॅडम, येता का पेठला? का होमवर्क हाय?" आणि मी चप्पल शोधत धावायची.

काका गाडी पळवायचा. सपाट रस्त्यावर सगळेच पळवतात, त्यात काही नाही. काकाची कला घाटात दिसायची. समोरचं वळण त्याला आधीच माहीत असल्यासारखं तो स्टिअरिंग सोडून द्यायचा आणि नेमक्या जागी पुन्हा धरायचा. माझं पोट एका वळणावर डावीकडं जायचं, दुसऱ्यावर उजवीकडं. आणि उतार लागला की तो गिअरची दांडी मधोमध आणायचा. आमच्याकडे याला 'गाडी सोडणं' म्हणतात. डिझेल वाचतं म्हणून ट्रकवाले सोडतात, जीपवाले सोडतात, ज्यांना ट्रॅक्टरशिवाय काही येत नाही तेही सोडतात. काका आईला हेच कारण सांगायचा. पण मी शेजारी बसलेली असायची. इंजिनाची घरघर एकदम खाली बसायची. मग उरायचा नुसता वारा, टायरांचा सळसळ आवाज आणि मागच्या जाळ्यांची कुरकुर. जीप धावत नसून आपोआप वाहते आहे असं वाटायचं. काका हलक्या आवाजात शीळ घालायचा. जगात कुणाला काही उत्तर द्यायचं नाही, कुणी आपल्याकडे बघत नाही, आणि तरीही आपण कुठंतरी जोरात निघालो आहोत, असं सुख मला दुसऱ्या कुठं मिळालं नाही.

मी सहावीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारी निघालो. जीपमध्ये झेंडू कोंबून भरला होता. गोण्यांवर गोण्या, वर दोरी. माझ्या पायातही एक गोणी होती. वजन नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. घाट सुरू झाल्यावर काकानं नेहमीसारखी गाडी सोडली.

दोन-तीन वळणं छान गेली. मग जळक्या रबरासारखा वास यायला लागला. काकाची शीळ थांबली. त्याचा पाय ब्रेकवर खाली-वर, खाली-वर होत होता आणि जीप तशीच चालली होती. तो दांडी ओढून गिअर टाकायला बघत होता. नुसता करकर आवाज यायचा, गिअर पडायचा नाही. काका एवढंच म्हणाला, "मॅडम, घट्ट धर. समोरच्या दांडीला धर." आणि त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. जीप उजवीकडं वळली, रस्ता ओलांडून डोंगराकडच्या पाण्याच्या चारीत गेली, दगडाला घासत-घासत बरंच अंतर गेली आणि तिरकी होऊन थांबली. माझं कपाळ समोरच्या दांडीवर आपटलं. सगळीकडे झेंडू झाला होता. रस्त्यावर, चारीत, माझ्या केसांत.

खालच्या बाजूनं एक एसटी चढत होती. ती आमच्यापासून थोड्या अंतरावर, वळणाच्या अलीकडे उभी होती. हॉर्न ऐकून तिच्या ड्रायव्हरनं गाडी आधीच थांबवली होती. त्यानं ती थांबवली नसती तर काय झालं असतं, हे मी पुष्कळ वर्षं मनात येऊ दिलं नाही. तो खाली उतरला, पहिल्यांदा माझ्याकडे आला, माझं तोंड धरून डोळ्यांत बघितलं आणि मग काकाकडे वळून जे बोलायला लागला ते थांबेचना.

"न्यूट्रल मारली होती ना? खरं सांग. मारली होती ना?"

काका खांदा धरून बसला होता. त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. त्यानं मान हलवली.

"डिझेल वाचवतो! भाडखाऊ, पोरगी बसलीय शेजारी! चढताना कुठल्या गिअरमधी चढतो? दुसऱ्या ना? मग उतरताना काय गिअरला लाज वाटती का? चढली त्याच गिअरमधी उतरवायची. बापानं शिकवलं नाय का?"

"चुकलं, दादा," काका म्हणाला.

"चुकलं म्हणतो. फुलं बघ किती वाया गेली." एवढं बोलून तो माणूस स्वतःच खाली वाकला आणि झेंडू गोळा करायला लागला. एसटीतल्या बायाही उतरल्या. एकीनं माझ्या कपाळाला तिचा रुमाल बांधला, दुसरीनं बाटलीतलं पाणी पाजलं. त्यांनी गोणीभर फुलं भरून एसटीच्या टपावर टाकली आणि आम्हाला त्याच गाडीनं नाशिकला आणलं. नाशिकला उतरताना ड्रायव्हरनं मला हाक मारली आणि म्हणाला, "घाबरू नको. उद्या पण बस गाडीत. नायतर भीती घर करती."

पप्पांनी दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसू दिलं नाही, त्यानंतरही कित्येक वर्षं नाही. ते काकावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडलेच नाहीत. त्यांनी काकाशी बोलणंच कमी केलं. शेताचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे, एका ताटात जेवल्यासारखे जेवायचे, पण त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. जीप विकली गेली. काकानं मग भाडोत्री टेम्पोनं माल पाठवायला सुरुवात केली.

तर अशा काकानं मला गाडी शिकवली.

आधी शेतातल्या कच्च्या वाटेवर, मग गंगापूर धरणाच्या रस्त्यावर. काका फार बोलायचा नाही. क्लच सोडताना गाडी उडी मारायची तेव्हा मात्र म्हणायचा, "मॅडम, बेडूक नाय चालवायचा, गाडी चालवायची." शेतात कामाला येणारी बाई बांधावरून बघत हसायची. मला घाम फुटायचा. रस्त्यावर कुणी मागून हॉर्न दिला की मी आपोआप 'सॉरी' म्हणायची, खिडकी बंद असली तरी. काकाला त्याचं फार हसू यायचं.

घाटातले धडे सकाळी असायचे. काकानं पहिल्याच दिवशी स्वतः गाडी खाली नेली आणि मला पायथ्यापासून वर चढायला लावलं. वर पोचल्यावर म्हणाला, "कुठल्या गिअरमधी आलीस?"

"दुसऱ्या. थोडा वेळ तिसऱ्या."

"मग तशीच उतरव. जिथं दुसरा होता तिथं दुसरा. ब्रेकला कमीत कमी त्रास द्यायचा. ब्रेक गरम झाला की ऐकत नाय."

तो एसटीच्या ड्रायव्हरचेच शब्द सांगतो आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानं शिकवलेलं साधं होतं. वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही, वळण सुटता-सुटता हळूच ॲक्सिलरेटर. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि मग ऐकायचं, कारण हॉर्न देऊन न ऐकणारे फार. चढणाऱ्याला आधी वाट. या सगळ्यात शिस्तच असेल असं मला वाटलं होतं. पण वळण सुटताना गाडी पुढं ओढ घेते, सीट पाठीला लागते, आणि पुढचं वळण समोर उघडतं, तेव्हा मला जीपमधलं ते सुख पुन्हा भेटलं. आणि या वेळी ते माझ्या हातात होतं.

एका सकाळी ते जरा जास्तच हातात आलं. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं. मी एक वळण नेहमीपेक्षा जोरात घेतलं, मग दुसरं त्याहून जोरात. तिसऱ्यावर टायर किंचाळले. गाडी सरळ झाली, काही झालं नाही. मी काकाकडे बघितलं. तो ओरडेल असं वाटलं.

"बाजूला घे," तो म्हणाला.

मी घेतली. तो उतरला, कठड्यावर बसला. मीही जाऊन उभी राहिले. तो खालच्या भाताच्या खाचरांकडे बघत होता.

"काका, रागावलास?"

"नाय गं. मजा आली मला." तो हसला नाही. "लय मजा आली. म्हणून तर थांबवली."

मग त्यानं खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्याच, जिथं हाड जुळलं होतं तिथं. "चांगलं चालवता यायला लागलं ना, की हे होतं. ज्याला येत नाय तो भितो आणि वाचतो. तुला आता येतंय. आता तुलाच थांबवावं लागंल."

मला तेव्हापर्यंत बऱ्याच लोकांनी बरंच काही शिकवलं होतं, चांगल्या शाळेत, चांगल्या इंग्रजीत. पण तुला हे येतं, असं माझ्याकडे बघून सरळ कुणी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पुढच्या रविवारी काकानं पप्पांना सांगितलं, "जमलं तिला."

तो रविवार थंडीचा होता. पप्पांनी स्वेटर घातला होता, कामावर जाताना लावतात तसा पेन खिशाला लावला होता. आई मागं बसली, पिशवीत आवळासुपारी, लिंबू आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. "मला घाट लागतो," ती म्हणाली, "पण तुम्हा दोघांना एकटं सोडण्यापेक्षा ते बरं."

काका दारात उभा होता. पप्पा त्याला म्हणाले, "तू नको येऊस." काका म्हणाला, "नायच येत." आणि त्यानं टायर लाथेनं तपासला, जसा बैल विकत घेताना तपासतात.

शहर सुटेपर्यंत पप्पा रस्त्याकडे बघत होते. नंतर त्यांचा उजवा पाय हलायला लागला. मी ब्रेक दाबायच्या आधी ते त्यांच्या बाजूचा रबरी गालिचा दाबायचे. समोरून ट्रक आला की गालिचा दाबला जायचा. कुत्रं दिसलं की गालिचा दाबला जायचा. मागून आई म्हणाली, "अहो, तुमच्याकडे ब्रेक नाही हो, गालिच्याला भोक पडेल."

घाटाच्या तोंडाशी पप्पा म्हणाले, "इथून परत फिरायचं असेल तर फिर. मी काही म्हणणार नाही."

"नाही फिरायचं," मी म्हणाले. आवाज बारीक आला, पण आला.

मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी उतरायला लागली. इंजिन गुरगुरत होतं, गाडीला मागून धरून ठेवत होतं. पहिली वळणं गेली. मग मागं एक मोठी गाडी आली, गुजरातच्या नंबरची, आणि हॉर्न वाजवायला लागली. आरशात ती एवढी जवळ दिसत होती की ड्रायव्हरचा गॉगल दिसत होता. पुढचं वळण माझ्या आवडीचं होतं. लांब, उघडं, दरीकडे वाकलेलं. तिसरा टाकून मी ते असं घेतलं असतं की मागचा गॉगलवाला मागंच राहिला असता. माझा हात दांडीवर गेलासुद्धा. तो मी तसाच ठेवला. रस्ता रुंद झाला तिथं डावीकडं सरकले, इंडिकेटर दिला आणि त्याला जाऊ दिलं. तो हॉर्न वाजवतच गेला.

"जाऊ दे त्याला," पप्पा म्हणाले, "त्याची बस चुकत असेल."

त्यांनी विनोद केला होता. घाटात. मागं आई आवळासुपारी चघळायची थांबली.

थोडं खाली गेल्यावर पप्पांनी विचारलं, "कुठं झालं होतं ते?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. मी म्हणाले, "पुढं. त्या वळणानंतर."

"थांबव."

मी जागा बघून थांबवली. पप्पा उतरले. डाव्या हाताला कठडा होता आणि त्यापलीकडे दरी. उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे चारी आणि काळा दगड. दगडावर आता गवत होतं. खूण कसलीही नव्हती. पप्पा आधी दरीकडे गेले, वाकून बघितलं. मग रस्ता ओलांडून दगडापाशी गेले, त्यावर हात टेकून उभे राहिले. मग तिथून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंगवर होते. माझ्या डावीकडची, म्हणजे त्यांची सीट रिकामी होती, दरीच्या बाजूची.

परत येऊन ते बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"तू इथंच बसली होतीस," ते म्हणाले. "माझ्या जागी."

"हो."

"आणि त्यानं गाडी त्याच्या बाजूनं घासली."

"हो, पप्पा."

काकानं त्या क्षणी काही ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. डोंगर त्याच्या बाजूला होता, एवढंच. त्यानंही कधी तसा दावा केला नाही. पण पप्पा इतकी वर्षं जी दुपार मनात घेऊन बसले होते, तिच्यात दगड कुठल्या बाजूला होता हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. आमच्या घरातली माणसं अशीच आहेत, मीसुद्धा. आज मी ती जागा रोज ओलांडते आणि जवळजवळ रोज मला काकाचा हॉर्न आठवतो, तो हॉर्न ऐकून थांबलेला ड्रायव्हर आठवतो, रुमाल बांधणारी बाई आठवते. एवढ्या अनोळखी माणसांनी मला जपलं, म्हणून मी इथं गाडी चालवते आहे. त्यांची नावं मला कळली नाहीत. आभार कुणाचे मानायचे, हे न कळल्यानं मी चढणाऱ्या प्रत्येक एसटीला वाट देते.

त्या रविवारी बाकीच्या घाटात पप्पा गालिचा दाबायचं विसरले. उतार संपला, करंजाळीकडचा सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं. तेव्हा ते म्हणाले, "उद्यापासून डिकीत पाण्याचा कॅन ठेवत जा. जुनी गाडी आहे, चढाला तापेल."

मला क्षणभर कळलंच नाही. आईला कळलं. ती मागून म्हणाली, "म्हणजे जाऊ द्यायचं ना तिला? नीट सांगा की मग!"

"पाणी ठेव म्हणालो ना," पप्पा म्हणाले. त्यांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "आणि आता काय बैलगाडीत बसलोय का मी? सरळ रस्ता आहे. जरा पळव की."

"अहो, तुम्ही!" आई ओरडली.

मी चौथा टाकला.